ऐनवेळचे पाहुणे आणि डब्यातलं बेसन

प्रश्न : मागच्या शनिवारी रात्री साडेनऊला दिरांचा फोन आला. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटक बघायला आले होते, परत जायला उशीर झालाय, तर आमच्याकडेच मुक्कामाला येतात म्हणाले. ती सहा माणसं, घरची आम्ही चार. भाजी मी रविवारी सकाळी आणते, त्यामुळे टोपलीत चार कांदे आणि एक बटाटा. शेवटी बाहेरून मागवलं. ते तासाभराने आलं, रस्सा गार, रोट्या चामट. सासूबाईंना बाहेरचं सोसत नाही, त्या दूध-पोहे खाऊन झोपल्या. मला फार वाईट वाटलं. डाळ, तांदूळ, पिठं असं सगळं घरात असतं. त्यातून दहा माणसांचं जेवण पाऊण तासात कसं करायचं?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : त्या रात्रीचं जेवण तुमच्या पत्रातच आहे. तांदूळ, बेसन आणि चार कांदे. पिठलं-भात करायचा. पाहुण्यांना पिठलं कसं वाढायचं, हा संकोच मनातून काढून टाका. नौपाड्यात माझं पोळीभाजी केंद्र होतं तेव्हा पनीरची भाजी रात्री उरायची, पण पिठलं ज्या दिवशी असेल त्या दिवशी आठच्या आत पातेलं रिकामं. दिवसभर लोकलने फिरून आलेल्या माणसाला गरम, झणझणीत आणि पोटभर हवं असतं. पदार्थ मोजायला कोणी येत नाही.

फोन ठेवलात की आधी तांदूळ धुवा. पोळ्यांच्या फंदात पडू नका. दहा जणांच्या पोळ्या म्हणजे तासभर तुम्ही ओट्यापाशी आणि पाहुणे बाहेर, मग त्यांच्या येण्याला अर्थ काय राहिला? नुसत्या भातावर जेवायचं तर माणशी अर्धी वाटी तांदूळ धरा. पाच वाट्या तांदूळ, दहा वाट्या पाणी, चवीला मीठ, थेट पाच लिटरच्या कुकरमध्ये. आमटीची वाटी साधारण दीडशे मिलीलिटरची असते, त्या मापाने कुकर निम्म्याच्या आतच भरतो. भात फुगतो, फेस वर येतो, म्हणून निम्म्याच्या वर भरायचाच नाही. दोन शिट्ट्या आणि गॅस बंद. वाफ आपली आपण जाऊ द्या, घाईने शिट्टी उचललीत तर भात फडफडीत होत नाही. छोटा कुकर असेल तर शेजारच्या शेगडीवर त्यात वाटीभर मूगडाळ हळद-हिंग घालून लावा. ते वरण सासूबाईंना आणि मुलांना. रात्री उशिरा बेसन सगळ्यांनाच मानवतं असं नाही.

आता पिठलं. तीन वाट्या बेसन, तीन वाट्या गार पाण्यात कालवून ठेवा. हे काम सगळ्यात आधी करा, पीठ भिजलं की गुठळ्या सुटतात. राहिलेल्या चार कांद्यांतले दोन चिरा. कढईत पाव वाटी तेल, हात आखडू नका. मोहरी तडतडली की हिंग, भरपूर ठेचलेला लसूण, कढीपत्ता असला तर, मग कांदा आणि हळद. हिरव्या मिरच्या नसतील तर लाल तिखट चालेल, पण ते गॅस अगदी बारीक करून घाला आणि लगेच सात वाट्या पाणी ओता. तिखट जळलं तर पुढचं सगळंच कडवट होतं. पाण्यात मीठ आणि चार-पाच आमसुलं टाका. पाणी खळखळून उकळल्यावरच कालवलेलं बेसन एका हाताने बारीक धारेने सोडायचं, दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. गुठळी राहिलीच तर रवी फिरवा. झाकण ठेवून मंद गॅसवर आठ-दहा मिनिटं, मधूनमधून तळापासून हलवत. कच्च्या पिठाचा वास गेला आणि कडेला तेल दिसू लागलं की झालं. उतरवताना ते तुम्हाला पातळच वाटलं पाहिजे, ताटात येईपर्यंत घट्ट होतं.

उरलेले दोन कांदे उभे चिरून लिंबू-मीठ लावा. पापड भाजा, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं काढा, भातावर कच्च्या तेलाची धार. बटाट्याला हात लावू नका, दहा जणांत एक बटाटा कोणालाच पुरत नाही. गोड हवंच असेल तर रव्याचा शिरा, पण मी म्हणेन नको. पाहुणे दारात आले की गूळ-शेंगदाणे आणि पाणी पुढे करा. भुकेला तेवढा आधार होतो आणि तुम्हाला पंधरा मिनिटं मिळतात.

सामान भरण्याबद्दलही एक सांगते, कारण घर भरलेलं असूनही अडणाऱ्या पुष्कळ जणी मी पाहिल्या आहेत. डब्यांत छोले, वाल, पांढरे वाटाणे असतात, आणि ते रात्रभर भिजवल्याशिवाय उपयोगाचे नाहीत. वाल तर मोड आणून सोलायचे. पाहुण्यांसाठी हाताशी हवी ती न भिजवता शिजणारी मसूर आणि मूगडाळ, बेसन, कुळथाचं पीठ, भाजणी, दाण्याचं कूट, सुकं खोबरं, गोडा मसाला, आमसुलं. बेसनाऐवजी कुळथाच्या पिठाची पातळ पिठी केलीत तर कोकणातला पाहुणा खूश. आणि घरात दही-दूध काही नसलं तरी आमसुलं गरम पाण्यात कोळून, गूळ-मीठ घालून, तुपात जिऱ्याची फोडणी दिली की सार तयार. मसालेभात केलात तर त्याच्याशी हेच सार द्या.

प्रश्न : आमच्या माहेरचे अलिबागकडचे. माशाशिवाय त्यांचं जेवण होत नाही. रात्री मासळी कुठून आणू?
– एक वाचक, बेलापूर

उत्तर : सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, ठेवा की घरात! दिवाळे गाव तुमच्या शेजारीच आहे, तिथल्या कोळणींकडून उन्हाळ्यात घेऊन ठेवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा तर सोड्यांचाच आधार. चार-पाच माणसांना वाटीभर पुरतात, कारण चव सगळ्या कांद्यात उतरते. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि ते पाणी फेकून द्या, त्यात रेती असते. तेलावर लसूण, तीन-चार कांदे चांगले लाल होईपर्यंत परतायचे, मग हळद, तिखट किंवा घरचा मसाला, सोडे आणि आमसूल. बटाट्याच्या पातळ फोडी घातल्या तर वाढावा होतो. पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, बटाटा शिजला की उतरवा. सुकट असेल तर आधी कोरडी भाजून मग धुवायची. मात्र पाहुण्यांत कोणी माळकरी नाही ना, हे फोनवरच विचारून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात रवा-बेसनाला कीड लागते, म्हणून मी भरूनच ठेवत नाही. काय करू?
– एक वाचक, कळवा

उत्तर : थोडं आणा, पण ठेवा. खाडीकाठची हवा दमट, तिला दोष देऊन भागणार नाही. रवा आणि शेवया आणल्याबरोबर मंद आचेवर भाजा, रंग बदलू द्यायचा नाही, हाताला चटका बसेल एवढंच. पूर्ण गार झाल्यावर भरा, कोमट भरलात तर डब्यात वाफ धरून तेच सामान खराब होतं. बेसन अर्धा किलोच आणा आणि फ्रीजमध्ये ठेवा. डाळ-तांदळात सुकवलेला कडुनिंबाचा पाला. डब्यात ओला चमचा कधीही जाऊ देऊ नका, घरातल्या सगळ्यांना हे बजावा. आणि वर सांगितलेले सोडे काचेच्या बरणीत घालून सरळ फ्रीझरमध्ये, म्हणजे बाकीच्या जिन्नसांना वासही लागत नाही.