किरकोळ गुन्हा आणि कडक शिक्षा
प्रश्न: दुकानातील लहानसहान चोरी किंवा मालमत्तेची नासधूस करणाऱ्यांना सरळ तुरुंगात टाकले, तर असे गुन्हे थांबणार नाहीत का?

उत्तर: शिक्षेच्या कडकपणापेक्षा आपण पकडले जाऊ ही खात्री गुन्ह्याला अधिक आवर घालते, असे गुन्हेशास्त्रातील अभ्यास वारंवार दाखवतात, शिवाय अल्प मुदतीच्या कैदेतही नोकरी सुटू शकते आणि सराईतांची संगत मात्र जडते. १९७४ मध्ये कॅनडातील एल्मायरा येथे २२ ठिकाणी नासधूस करणाऱ्या दोन तरुणांना न्यायाधीशांनी पीडितांच्या दारी पाठवून नुकसानभरपाई द्यायला लावली, आणि त्यातूनच पीडित व अपराधी यांच्यात समेट घडवणाऱ्या उपक्रमांना चालना मिळाली. ज्याचे नुकसान केले त्याच्यासमोर उभे राहणे ही, माझ्या मते, सौम्य शिक्षा मुळीच नव्हे. मात्र पीडिताची संमती नसेल, तर हा मार्ग वापरू नये.