लेकीला मैदानावरून परत बोलावू नका

भाऊ, नमस्कार.

तुमची लेक अमरावतीला फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत गावच्या कबड्डी मंडळासोबत जाते. ‘एखाद्याचा पाय कायमचा गेला तर केस होईल, वावर विकावं लागेल,’ असं कुणी सांगितल्यापासून तुम्हाला झोप नाही. तिला ही लाइन सोडायला लावू का, असं विचारता. नका लावू. पण काळजी रास्त आहे.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच सांगितलं. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. मात्र दुखणं बरं झालं नाही एवढ्यानं निष्काळजीपणा ठरत नाही.

हद्द ओलांडली की ठरतो. १९९६ च्या निकालात होमिओपॅथीच्या डॉक्टरनं अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली होती, रोगी दगावला. न्यायालयानं ३ लाखांची भरपाई द्यायला लावली. म्हणून तिनं गोळी-इंजेक्शनच्या वाटेला जाऊ नये. आणि मैदानावरचा दबाव मी पाहिलाय. पकडीत पोराचं डोकं आपटतं, उठल्यावर आपली बाजू कोणती तेही त्याला उमगत नाही, अन् बाहेरून ओरडा, ‘मॅडम, स्प्रे मारा, दोनच मिनिटं राहिली!’ अशा वेळी त्याला बाहेर बसवायचं, त्या दिवशी पुन्हा उतरू द्यायचं नाही, दवाखान्यात पाठवायचं. मग वहीत वेळ टाकून लिहायचं: काय दिसलं, कोणाला काय सांगितलं. कॅप्टनची सही घ्यायची. पोरगं अठराच्या आतलं असेल तर मायबापाला लगेच फोन.

सध्या ती विद्यार्थिनी आहे, तेव्हा नोंदणी असलेल्या फिजिओच्या हाताखालीच जावं. स्वतःची नोंदणी झाली की पहिल्या सामन्याआधी प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे कामातल्या चुकीवरून दावा झाला तर उपयोगी पडणारा विमा, घ्या. वकिलाचा खर्च अन् भरपाई ठरलेल्या रकमेपर्यंत कंपनी देते. पण बहुतेक वेळा दावा येतो तेव्हा पॉलिसी चालू असावी लागते, आणि दावा दोन वर्षांनीही येऊ शकतो. त्यामुळे हप्त्यात खंड नको. नोटीस आली तर आधी कंपनीला कळवायचं. घाबरून ‘माझंच चुकलं, पैसे देते’ असं लिहून दिलं तर कंपनी हात वर करू शकते.

खेळाडूंचा विमा वेगळा. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत मिळतो, पण तो अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर त्यातून दमडी मिळत नाही. मंडळाला हे माहीत नसतं. लेक घरी आली की अध्यक्षांना चहाला बोलवा आणि तिच्यासमोरच हे बोलून घ्या.