“मॅडम, मी चुकीचाच पळतोय का ओ?”

खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी पिशवीतून पळायचे बूट काढले आणि उलटे करून दाखवले. दोन्ही तळ मागच्या बाजूला, बाहेरच्या कडेला घासलेले. “बघा की!”

वय एकेचाळीस, बँकेत नोकरी. हाफ आयर्नमॅनची तयारी चाललेली: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि त्यावर २१.१ किलोमीटर पळणं. रंकाळ्यावर एका मित्रानं व्हिडिओ काढला आणि ‘टाचेवर पडतोयस, गुडघे जाणार’ म्हणाला. त्या दिवसापासून हे चवड्यावर पळायला लागले. महिन्याभरात पोटऱ्या दगड झाल्या, सकाळी जिना उतरवेना. रात्री अंथरुणावरही डोक्यात पाऊलच.

पळणं सुधारायला माझ्याकडे येणारे बरेच जण ही भीती घेऊन येतात. त्यांना मी आधी एक गोष्ट सांगते. २००४ साली जपानमधल्या सप्पोरो हाफ मॅरेथॉनमध्ये पंधराव्या किलोमीटरला कॅमेरे लावून धावपटूंची पावलं तपासली होती. त्या कसलेल्या धावपटूंतलेही चारातले तीन टाचेवरच पडत होते. चवड्यावर पळाल्यानं गुडघ्यावरचा भार हलका होतो हे खरं, पण तो पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जातो. यांचं नेमकं तेच झालं होतं. पोटरी आधी फिजिओथेरपिस्टला दाखवून या, म्हटलं.

पोटरी बरी झाल्यावर एका पहाटे मी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांना नेहमीसारखं पळायला सांगितलं. दिसायच्या आधी ऐकू आले. थप्प, थप्प. पाय लांब पुढे टाकत होते, गुडघा जवळजवळ सरळ. शरीराच्या इतकं पुढे पाऊल पडलं की दर पावलाला ब्रेक लागतो, आणि हादरा गुडघ्याला बसतो. टाच की चवडा, हा प्रश्न त्यापुढे किरकोळ.

अर्ध्या मिनिटात उजवं पाऊल मोजलं: चाळीस. म्हणजे दोन्ही पायांची मिनिटाला एकशे साठ. वेग तोच ठेवून बेचाळीस करा, एवढंच सांगितलं. दोनच पावलं जास्त, म्हणजे पाच टक्के. पाऊल आपोआप आखूड होतं आणि शरीराखाली येतं. “१८० पाहिजेत म्हणे मिनिटाला?” त्यांनी विचारलं. तो आकडा १९८४ च्या ऑलिंपिकमधल्या अव्वल धावपटूंची पावलं मोजून आलेला. त्यांच्या वेगाचा आकडा आपल्या अंगावर कशाला चढवायचा?

दुसरं सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सतत पायाकडे आणि श्वासाकडे लक्ष ठेवून पळालं तर त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागतो, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणून किलोमीटरमागे अर्धं मिनिट मोजायचं, मग मोजणं सोडून तलावातल्या संध्यामठाकडे बघत पळायचं. हे त्यांना फार जड गेलं. दोन महिने स्वतःवर पहारा दिलेला माणूस तो.

तीन आठवड्यांनी मी परत त्याच कट्ट्यावर बसले होते. ते पाठीमागून आले, शेजारून पुढे गेले, तेव्हा मला कळलं. आता सायकलवरून उतरल्यावर पहिल्या किलोमीटरला पाय लाकडासारखे होतात, त्यावर काम चालू आहे.