इंग्लंडचे संघ टीव्हीवर पाहायला सुरुवात करताना

इंग्लंडात नव्याने आलात आणि इथल्या राष्ट्रीय संघांचे सामने पाहायचेत, हे वाचून फार बरं वाटलं. आल्या आल्या स्काय स्पोर्ट्सचं (पैसे भरून पाहायच्या क्रीडा चॅनलचं) पॅकेज घेऊ नका, बरेच जण तिथेच चुकतात. आधी टीव्ही लायसन्स काढा. कुठल्याही चॅनलवर थेट प्रक्षेपण पाहायचं तर ते लागतंच, मोबाइलवरसुद्धा.

सुरुवात रग्बीच्या सिक्स नेशन्सने, म्हणजे सहा युरोपीय संघांच्या वार्षिक स्पर्धेने करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्लंडचे पाचच सामने, आयटीव्हीवर. नियम पाठ करत बसू नका:

- ट्रायचे (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवण्याचे) ५ गुण, त्यानंतरच्या किकचे २
- पेनल्टी किकचे ३
- चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही

एवढ्यावर पहिला सामना रंगतो. रेफरीचा माइक चालू असतो. शिट्टी का वाजवली ते तो खेळाडूंना सांगतो, तेव्हा नीट कान द्या. निम्मी रग्बी मी तशीच शिकलो.

संघांचा घोळ मात्र करू नका. फुटबॉल-रग्बीत वेल्स वेगळा, क्रिकेटमध्ये इंग्लंडसोबत, ऑलिंपिकला सगळे ग्रेट ब्रिटन.

क्रिकेट तुम्हाला शिकवायला नको. घरच्या कसोट्या स्कायवर असतात, पण बीबीसी रेडिओचं ‘टेस्ट मॅच स्पेशल’ हे समालोचन फुकट ऐकता येतं.

आणि महिला फुटबॉल संघ अजिबात चुकवू नका. २०२२ आणि २०२५, दोन्ही युरो (युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा) त्यांनीच जिंकले!