ऑइल फिल्टरच्या आतले व्हॉल्व्ह : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (खानापूर) : थंडीत सकाळी गाडी सुरू केली की दोन-तीन सेकंद इंजिन खडखडतं आणि ऑइलचा लाल दिवा उशिरा विझतो. दिवसा पुन्हा सुरू केल्यावर आवाज नाही. मेस्त्री म्हणतात, 'थंडीनं होतंय, काय होत नाही ओ.' पेट्रोल गाडी आहे, फिल्टर आडवा बसतो. गेल्या महिन्यात तो बदलला, तेव्हापासून हे चालू आहे.

उत्तर : थंडीवर एवढं ढकलू नका. आपल्या भागात पारा १२-१४ अंशांवर आला म्हणून ५डब्ल्यू-३०सारखं ऑइल काही थिजत नाही. आवाज फिल्टर बदलल्यानंतरच सुरू झाला, म्हणजे पहिला संशय फिल्टरवरच.

फिल्टरच्या तोंडाशी मध्ये आट्यांचं मोठं भोक असतं आणि भोवती लहान भोकांचं कडं. पंपाकडून ऑइल लहान भोकांतून आत येतं, कागदातून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून बेअरिंगांकडे जातं. लहान भोकांच्या आतल्या अंगाला रबराची एक झालर दाबून बसवलेली असते. हा अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. ऑइल आत येताना झालर उचलली जाते, इंजिन बंद झालं की परत भोकांवर बसते. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसवलेला असेल तर त्यातलं ऑइल रात्रभर अडवून धरणारी हीच एक गोष्ट. ती गळली की ऑइल पंपातून उलटं इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं. सकाळी पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागतो आणि तोवर बेअरिंग आणि टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) कोरडे राहतात. तोंड वर असलेल्या फिल्टरमधलं ऑइल आपोआपच आत राहतं, म्हणून तसल्या इंजिनांसाठीच्या काही फिल्टरांत ही झालर नसतेच. आटे जुळले म्हणून असाच एखादा तुमच्या गाडीला बसवला गेला असण्याची शक्यता आहे.

आवाज दुसऱ्या कशाचाही असू शकतो, म्हणून दिव्याकडे लक्ष ठेवा. दिवा उशिरा विझतो आणि तोवरच खडखड होते, तर ऑइल उशिरा पोचतंय. दिवा लगेच विझला आणि आवाज त्यानंतरही चालू राहिला, तर टॅपेट किंवा टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) तपासायला हवा. खात्री करायची तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू न करता फिल्टर खोला. आडवा फिल्टर जवळजवळ रिकामा निघाला तर निकाल लागला. भरलेला निघाला तर फिल्टर निर्दोष.

नवा घेताना बोथट काडीनं लहान भोकांतून झालर हलकेच दाबून बघा. ती मऊ हवी आणि सोडल्यावर झटकन जागेवर यायला हवी. काळी झालर बहुधा नायट्राइल रबराची असते. ९०-११० अंशांच्या ऑइलमध्ये राहून ती हळूहळू कडक होते. सिलिकॉनची बहुधा नारिंगी किंवा लाल असते आणि जास्त दिवस मऊ राहते. मात्र नुसत्या रंगावर जाऊ नका, रंग कुणीही घालू शकतो.

प्रश्न (बेळगाव, उद्यमबाग) : जुना फिल्टर कापून बघितला. तळाशी स्प्रिंगवर बसलेली एक छोटी थाळी मिळाली. फिल्टर तुंबला की ती उघडते आणि न गाळलेलं ऑइल इंजिनमध्ये जातं म्हणे. मग जाड तारेची स्प्रिंग घातली तर ऑइल कायम गाळूनच जाईल ना?

उत्तर : हा बायपास व्हॉल्व्ह. लेथ हाताशी असला तरी हा उद्योग करू नका.

ही थाळी एकूण दाब बघत नाही, कागदाच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक बघते. समजा, कागदाच्या अलीकडे ४ बार (बार म्हणजे दाबाचं माप) आणि पलीकडे ३.७ आहे. फरक ०.३ चा, थाळी बंदच राहणार. थंड, जाड ऑइल आणि वरून रेस, अशा वेळी अलीकडे ५ आणि पलीकडे ३.८ झालं की फरक १.२. बहुतेक गाड्यांत थाळी साधारण ०.५ ते १.५ बार फरकाला उघडते. नेमका आकडा इंजिनाप्रमाणे ठरतो. जाड स्प्रिंगमुळे ती उघडलीच नाही तर घड्या घातलेला कागद आणि मधली जाळीची नळी दबून चेपते, कागद फाटतो, आणि इंजिनला ऑइल कमी पडतं ते वेगळंच. न गाळलेलं ऑइल काही सेकंद फिरलं तर बेअरिंग सोसतं, ऑइलच नसेल तर सोसत नाही.

ऑइलचा दिवा लावणारा स्विच बहुधा फिल्टरनंतरच्या वाटेवर असतो. त्यामुळे फिल्टर पूर्ण तुंबून बायपास कायम उघडा राहिला तरी दिवा लागत नाही. 'दिवा लागत नाही, म्हणजे फिल्टर चांगला' हा हिशोब म्हणून चुकतो. काही इंजिनांत बायपास ब्लॉकमध्येच असतो, तिथल्या फिल्टरमध्ये तो सापडणार नाही. आणि पंपाजवळचा रिलीफ व्हॉल्व्ह निराळा. तो एकूण दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही आणि जादा ऑइल परत चेंबरकडे वळवतो.

कापायची हौस असेल तर हॅकसॉ नको, त्याचा कीस कागदात जातो. लेथवर तोंडाजवळची दुमडलेली कड उतरवा. कागद सोडवून फडक्यात गुंडाळा, वाइसमध्ये दाबून ऑइल काढा, मग घड्या उलगडा. चुंबकाला चिकटणारा कण लोखंडाचा. न चिकटणारा पांढरट चमकदार कण ॲल्युमिनियमचा किंवा बेअरिंगच्या वरच्या थराचा. तांबूस कण दिसले तर बेअरिंग त्याच्याही खाली झिजलंय, तेव्हा गाडी न चालवता दाखवून घ्या.

प्रश्न (निपाणी) : मेस्त्री फिल्टर चेन पान्यानं आवळतात. तरी गळतोच.

उत्तर : 'तरी' नव्हे, बहुधा म्हणूनच. पाना फक्त खोलायला. बसवताना रबराच्या वायसरला नवं ऑइल लावा, हातानं फिरवा, वायसर टेकला की आणखी पाऊण फेरा. फिल्टरवर वेगळा आकडा छापलेला असेल तर तो पाळा. त्याआधी ब्लॉकवर बोट फिरवून जुना वायसर तिथंच चिकटून राहिला नाही ना, हे बघा. एकावर एक दोन वायसर बसले तर हायवेवर दाब वाढला की सगळं ऑइल बाहेर.

बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना दिवा काही सेकंद राहणारच, नवा फिल्टर रिकामा असतो. दिवा विझेपर्यंत रेस देऊ नका. दहा सेकंदांत विझला नाही तर बंद करा. विझला तर मिनिटभर चालवून बंद करा, पाच-दहा मिनिटांनी ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी (गेज) बघा. लहान गाडीचा फिल्टर साधारण पाव लिटर ऑइल पितो, तेवढं वरून घाला.

प्रश्न (चिकोडी) : उसाच्या हंगामात रस्त्यावर धूळच धूळ. ऑइल फिल्टर लवकर बदलावा का?

उत्तर : आधी एअर फिल्टर आणि त्याच्या पाइपाचे क्लॅम्प बघा, धूळ तिथून शिरते. ऑइल आणि फिल्टरसाठी गाडीच्या पुस्तकात धुळीच्या वापराची वेगळी, कमी मुदत दिलेली असते, ती धरा. दोन्ही एकाच वेळी बदला.

प्रश्न (संकेश्वर) : आमच्या डिझेल गाडीत डबा नाहीच, नुसता कागदाचा फिल्टर निघतो. मग व्हॉल्व्ह कुठं?

उत्तर : ते इंजिनवरच्या हाउसिंगमध्ये किंवा झाकणाच्या आतल्या दांड्यावर असतात, फिल्टरबरोबर बदलले जात नाहीत. म्हणून दर वेळी झाकण खोलल्यावर दांड्याला तडा आहे का, छोटा ओ-रिंग (रबराचं कडं) जागेवर आहे का, बघा. नव्या फिल्टरबरोबर ओ-रिंग येतात, ते सगळे बदला. झाकणावर बहुधा टॉर्कचा, म्हणजे किती जोरानं आवळायचं त्याचा आकडा कोरलेला असतो, पुष्कळदा २५ न्यूटन-मीटर. झाकण प्लास्टिकचं आहे, टॉर्क पानाच वापरा.