शेततळ्यात तापीचा पूर

प्रश्न : आम्ही पाच-सहा मित्र अहिराणीत लघुपट करतोय. रात्री तापीच्या पुरात नाव उलटते असा प्रसंग आहे. नदीत उतरायला घरचे नाही म्हणतात. मामांच्या केळीच्या मळ्यात शेततळं आहे. ‘टायटॅनिक’सुद्धा मेक्सिकोत हौदातच काढला म्हणे. आमचं जमेल का?
– एक वाचक, ता. चोपडा

उत्तर : घरच्यांचं ऐकलंत, बेस केलं.

तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. अमेरिकेच्या हद्दीला लागून बाहा कॅलिफोर्निया आहे. तिथे रोसारितोजवळ फॉक्स कंपनीने १९९६ साली त्या एका चित्रपटासाठी स्टुडिओच उभा केला. मोठ्या हौदात सुमारे साडेसहा कोटी लिटर पाणी मावतं. हौद समुद्राच्या अगदी काठावर आहे. कॅमेरा नीट लावला की हौदाचं पाणी संपलं कुठे आणि समुद्र लागला कुठे, कळत नाही. ‘मास्टर अँड कमांडर’ही पुढे तिथेच झाला.

तुमच्या शेततळ्याला बांध आहे, तो फ्रेममध्ये येणारच. येऊ द्या! तुमच्या गोष्टीत समुद्र कुठे आहे? तापीला काठ असतोच. पलीकडच्या बांधावर चिखल लिंपा, पानकणीस खोचा, केळीची दोन-चार खुंटं आडवी टाका. कॅमेरा पाण्यापासून वीतभर वर ठेवा.

पाऊस तुषार संचाने पाडा, पण लाइट समोरून मारू नका. मागून मारला तरच थेंब दिसतात. पाणी गढूळ करायला माती तर मुळीच कालवू नका. मी सेटिंगला होतो तेव्हा शिरपूरकडे एका तळ्यात आम्ही चार पाट्या माती ओतली. सकाळी शेतकऱ्याच्या ठिबकचा फिल्टर तुंबला. दिवसभर तो धुवत बसलो आणि वर शिव्या खाल्ल्या त्या अस्सल अहिराणीत. अंधारात पाणी काळंच दिसतं, गढूळपणा कोण बघतो?

नावेची एकच बाजू रंगवा. ‘टायटॅनिक’वाल्यांनीही जवळजवळ पावणेआठशे फुटी जहाजाची उजवी बाजूच पुरी सजवली होती. बंदरातून निघतानाच्या प्रसंगात डावी बाजू हवी होती, म्हणून पाट्यांवरची अक्षरं उलटी रंगवून चित्रण केलं आणि मग चित्र आरशासारखं फिरवलं. तुम्ही फिरवणार असाल तर पदर, शर्टाची बटणं आणि नावेवरचं नाव आधी बघा. पदर एका शॉटमध्ये डाव्या खांद्यावर, दुसऱ्यात उजव्या, हे आपल्याकडच्या बायका पहिल्या झटक्यात पकडतात.

आता मुख्य गोष्ट. शेततळ्याचं प्लास्टिक ओलं झालं की शेवाळासारखं निसरडं होतं, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडा, काठावर ट्यूब ठेवा, पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट घाला. कपड्याच्या आत बसतं, दिसत नाही. कॅमेऱ्याच्या स्टँडच्या पायांखाली गोणपाट घाला, नाहीतर प्लास्टिकला भोक पडेल आणि मामा पुढच्या लघुपटाला मळ्यात पाऊल ठेवू देणार नाहीत.