स्टुडिओच्या प्रमाणपत्रावर किती विसंबावे?

प्रश्न : मी कोथरूडला राहतो आणि थ्रीडी पात्रांचे ॲनिमेशन करतो. खराडीतील एका व्हिडिओ गेम स्टुडिओने मला नोकरी देऊ केली आहे. त्यांच्याकडे ‘ग्रेट प्लेस टु वर्क’ या कामाच्या ठिकाणांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे, बाबा मात्र म्हणतात, की असली प्रमाणपत्रे पैसे मोजून मिळतात. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा? – एक वाचक, पुणे

उत्तर : बाबांची शंका अर्धी बरोबर आहे. या प्रक्रियेसाठी कंपनी शुल्क भरते हे खरे. तथापि कामाची जागा कशी आहे याचा कौल कर्मचारीच देतात, तोही नाव गुप्त ठेवून. प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते, म्हणून आधी त्यावरचे साल पाहा.

मला खटकते ते वेगळेच. हा कौल साऱ्या कंपनीची सरासरी सांगतो आणि त्या सरासरीत एखाद्या टीमची फरफट दिसत नाही. ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही अमेरिकी गेम कंपनी २०१८ साली ‘फॉर्च्युन’ मासिकाने याच संस्थेसोबत काढलेल्या नोकरीसाठी सर्वोत्तम शंभर कंपन्यांच्या यादीत होती, २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने तिच्यावर लिंगभेद आणि छळाचे आरोप करीत दावा दाखल केला, जो २०२३ च्या अखेरीस तडजोडीने मिटला.

तेव्हा कंपनीबद्दल नव्हे, तुमच्या होऊ घातलेल्या टीमबद्दल विचारा. मागच्या माइलस्टोनआधी, म्हणजे काम सोपवण्याच्या ठरलेल्या टप्प्याआधी, किती शनिवार कामात गेले, त्याची भरपाई सुट्टीने झाली की पैशाने, आणि परदेशी स्टुडिओशी होणारे कॉल रात्री किती वाजेपर्यंत चालतात, हे थेट टीमच्या प्रमुखाकडून, म्हणजे लीडकडूनच ऐका. ‘आमच्याकडे क्रंच (मुदत गाठण्यासाठीचे जादा तासांचे काम) नसतो’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

याहूनही मोलाचा मला श्रेयनामावलीचा प्रश्न वाटतो. परदेशी गेमसाठी काम करणाऱ्या स्टुडिओचे नाव क्रेडिट्समध्ये येते पण माणसांची येत नाहीत, किंवा गेम प्रसिद्ध होण्याआधी नोकरी सोडलेल्याचे नाव गळते, असे या क्षेत्रात वारंवार घडते आणि तो सरळसरळ अन्याय आहे. कारण गोपनीयतेच्या करारामुळे काम शोरीलमध्ये, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांच्या चित्रफितीत, दाखवता येत नसेल, तर ते नाव हाच तुमच्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीचा पुरावा असतो. इंटरनॅशनल गेम डेव्हलपर्स असोसिएशन या गेम बनवणाऱ्यांच्या संघटनेने याविषयी मार्गदर्शक सूत्रे तयार केली आहेत. त्यांचा हवाला देऊन स्टुडिओचे धोरण नेमणूकपत्रावर सही करण्याआधी लेखी मागा. त्यात टाळाटाळ झाली, तर प्रमाणपत्र असूनही मी ही नोकरी घ्या असे सांगणार नाही.